एक एमएमची वायर आणि एक एमएमचा ट्रॅक: पीसीबीबद्दलचे सात समज आणि खरं काय आहे



मागच्या व्हिडिओत मी पाण्याच्या टाकीच्या कंट्रोलरचा एक जळलेला बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच: "ताई, मग ट्रॅक किती जाड ठेवायचा?" एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण अशा एका ओळीच्या उत्तरांवर विश्वास ठेवूनच माझी पहिली बॅच बुडाली. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात ओळख. लवळ्यात माझं इलेक्ट्रिकल सामानाचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. शिक्षण बीबीए. म्हणजे इंजिनीअर मी नाही. पीसीबी शिकले ती दुकानात बसून, तपकीर गल्लीत हेलपाटे मारून आणि चुका करून. त्यामुळे मला जे समजलं ते तुम्हालाही समजेल, याची खात्री बाळगा.

आता शब्दाचं बघू. बोर्डावर तांब्याच्या ज्या पट्ट्या असतात, त्यांना पुस्तकात ट्रेस म्हणतात. आपण दुरुस्तीवाले त्यांना ट्रॅक म्हणतो. "ट्रॅक उडाला", "ट्रॅक जळाला". या लेखात मी ट्रॅकच म्हणणार आहे.

आधी माझा हिशोब

आमच्या लवळ्यात डोंगरावर सिंबायोसिसचं कॅम्पस, पलीकडे फ्लेम विद्यापीठ. त्यामुळे गावात आणि आजूबाजूला पीजी आणि भाड्याच्या खोल्या भरपूर. पीजीवाल्यांची रोजची कटकट ठरलेली: पंप चालू करून माणूस विसरतो आणि टाकी वाहत राहते. मी बाजारातले कंट्रोलर विकत होतेच. म्हटलं, आपणच का बनवू नये?

एका ओळखीच्या मुलाकडून डिझाइन करून घेतलं, एका कारखान्यातून एका बाजूचे बोर्ड बनवून घेतले आणि चाळीस नग जोडले. प्रत्येक नगामागे ३५० रुपये नफा धरला होता. म्हणजे पूर्ण बॅचवर १४,०००. पहिले एकतीस दोन महिन्यांत विकले गेले. मी खूश!

मग मे महिना आला. एकेक फोन सुरू झाला. "ताई, डब्यातून वास येतोय." "ताई, पंप सुरूच होत नाही." एकूण अकरा बोर्ड परत आले. सगळ्यांची तीच जागा जळालेली: रिलेच्या पिनपासून पंपाच्या टर्मिनलपर्यंतचा ट्रॅक. उचलला गेलेला आणि काळा पडलेला.

उरलेले वीस चालू होते. ते तसेच सोडायचे का? घरात दोन दिवस यावरच चर्चा. शेवटी सगळे एकतीस बदलून दिले. नवा बोर्ड, जाण्यायेण्याचं पेट्रोल, वायरमनची मजुरी मिळून नगामागे ४५० रुपये. एकतीस गुणिले ४५०, म्हणजे १३,९५० रुपये. पूर्ण बॅचवर जो नफा धरला होता, जवळजवळ तेवढेच.

आणि हे सगळं वाचवायला किती लागले असते? जाड तांब्याचा बोर्ड मागितला असता तर नगाला नऊ रुपये जास्त, म्हणजे चाळीस नगांचे ३६०. चूक कारखान्याची नव्हती. मी ऑर्डरमध्ये तांब्याची जाडी लिहिलीच नव्हती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता एकेक समज घेऊ. यातला जवळजवळ प्रत्येक समज कुठे ना कुठे, कुणासाठी तरी खरा होता. ज्या अटींवर तो खरा होता त्या गळून पडल्या आणि नुसतं वाक्य आपल्यापर्यंत आलं. म्हणून कुठलाही नियम ऐकला की विचारायचं: किती करंटला? किती जाडीच्या तांब्यावर? किती गरम झालेलं चालेल?

समज १: "एक एमएमची वायर पंपाला चालते, मग एक एमएमचा ट्रॅक का नाही?"

हा माझा स्वतःचा समज. दुकानदार असल्यामुळेच झालेला!

दुकानात गिऱ्हाईक "एक एमएमची वायर द्या" म्हणतं, तेव्हा त्याला हवी असते एक चौरस मिलिमीटरची वायर. तो आकडा आतल्या तांब्याच्या कापाच्या क्षेत्रफळाचा असतो. ट्रॅकचा एक एमएम ही मात्र फक्त रुंदी आहे. जाडी वेगळी.

ही जाडी किती? नेहमीचं माप ३५ मायक्रॉन. व्यवहारात याला 'एक औंस कॉपर' म्हणतात, कारण एक औंस तांबं एक चौरस फुटावर सारखं पसरलं तर साधारण एवढाच थर होतो. ३५ मायक्रॉन म्हणजे ०.०३५ मिलिमीटर.

आता गुणाकार करा. एक मिलिमीटर रुंद ट्रॅक गुणिले ०.०३५ म्हणजे ०.०३५ चौरस मिलिमीटर. तुमची 'एक एमएम'ची वायर याच्या अठ्ठावीस पट जाड आहे! तेवढंच तांबं बोर्डावर हवं असेल, तर साडेअठ्ठावीस मिलिमीटर रुंद पट्टा लागेल.

मग ट्रॅक चालतातच कसे? ट्रॅक चपटा असतो, बोर्डाला चिकटलेला असतो. त्याची उष्णता बोर्डात आणि हवेत लवकर पसरते. त्यामुळे तेवढ्याच तांब्यातून तो तुलनेने जास्त करंट नेऊ शकतो. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा मोजता येते.

समज २: "एक एमएमला तीन अँपिअर, दोन एमएमला सहा"

यातला पहिला अर्धा भाग अटींसह खरा आहे. दुसरा चूक.

ट्रॅक किती करंट नेतो, हा प्रश्नच अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: किती करंटला तो भोवतालच्या तापमानापेक्षा किती अंशांनी गरम होतो?

यासाठी जगभर आयपीसी नावाची मानकं वापरतात. (ही आयपीसी म्हणजे आपली जुनी दंड संहिता नव्हे, इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेची मानकं!) त्यांच्या आयपीसी-२२२१ या मानकातलं सूत्र बरेच जण वापरतात. त्या सूत्राने ३५ मायक्रॉन तांब्याच्या, बोर्डाच्या बाहेरच्या बाजूवरच्या ट्रॅकसाठी मी काढलेले आकडे:

- १ मि.मी. रुंद: १० अंश वाढीला सुमारे २.४ अँपिअर, २० अंश वाढीला ३.२
- २ मि.मी. रुंद: १० अंशांना ४, २० अंशांना ५.४
- ३ मि.मी. रुंद: १० अंशांना ५.३, २० अंशांना ७.२
- ५ मि.मी. रुंद: १० अंशांना ७.७, २० अंशांना १०.४

बघा, रुंदी दुप्पट केली तर करंट दुप्पट होत नाही. साधारण १.६५ पट होतो. आणि तांबं १८ मायक्रॉनचं, म्हणजे अर्ध्या औंसाचं असेल, तर वरच्या आकड्यांच्या साठ टक्केच धरा.

आता माझा बोर्ड या सूत्रात घालून बघू. ट्रॅक १.५ मि.मी. रुंद. आमच्याकडचे एक एचपीचे सिंगल फेज पंप साधारण सहा अँपिअरच्या आसपास घेतात. ३५ मायक्रॉन असतं तर ट्रॅक सुमारे ४१ अंशांनी तापला असता. चांगलं नाही, पण लगेच जळलाही नसता. मात्र बोर्ड आले होते १८ मायक्रॉनचे. तिथे तीच वाढ येते सुमारे १३० अंश!

मे महिन्यात गच्चीवरच्या बंद डब्यात आधीच पन्नास अंश धरा. बेरीज १८०. साध्या एफआर-४ बोर्डातलं रेझिन १३०-१४० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं. नेहमीचं शिसं असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. त्यात संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं की मोटर जास्त करंट ओढते, आणि सुरू होताना काही क्षण तर कितीतरी पट. ट्रॅक उचलला गेला यात नवल ते काय?

आणि वीस बोर्ड का वाचले? त्यांतले बहुतेक अर्ध्या एचपीच्या पंपांवर होते. अकराच्या अकरा जळालेले बोर्ड एक एचपीवाले. मी मात्र महिनाभर "उन्हाने झालं असेल", "कारखान्यानं माल खराब दिला" असंच म्हणत होते.

याच विषयातला आणखी एक समज: "आतल्या थरातला ट्रॅक बाहेरच्याच्या निम्माच करंट नेतो." याचा उगम गमतीशीर आहे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५०च्या दशकात ट्रॅकच्या चाचण्या झाल्या. त्यावरून बनलेले तक्ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. आतल्या थरासाठी सुरक्षितता म्हणून सरळ निम्मा आकडा धरला गेला. पुढे २००९ मध्ये आयपीसी-२१५२ हे मानक आलं, नव्या चाचण्यांवर आधारलेलं. त्यात दिसलं की आतला ट्रॅक बाहेरच्याइतकाच, कधीकधी त्याहून कमी तापतो, कारण बोर्डाचं साहित्य हवेपेक्षा उष्णता चांगली वाहून नेतं. तज्ज्ञ लोकांचाही एक अंदाज इतकी वर्षं 'नियम' म्हणून चालू शकतो, तर आपण तपकीर गल्लीतल्या काउंटरवर ऐकलेलं वाक्य तपासून घ्यायला काय हरकत आहे?

समज ३: "ट्रॅक कमी पडला तर वरून सोल्डर चढवा"

तुम्ही जुन्या यूपीएसचा, इन्व्हर्टरचा बोर्ड उघडला असेल तर जाड ट्रॅकवर सोल्डरचे उंचवटे दिसतात. म्हणजे ही पद्धत अगदीच खोटी नाही. पण ती किती उपयोगाची, ते बघा.

सोल्डरचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण आठ-नऊ पट असतो. म्हणजे ३५ मायक्रॉन तांब्याइतकं काम करून घ्यायला सुमारे ०.३ मि.मी. जाडीचा सोल्डरचा थर लागतो. हाताने चढवलेलं सोल्डर एका जागी जाड, एका जागी पातळ बसतं. ट्रॅकची ताकद सगळ्यात बारीक जागेवर ठरते. चाळीस नगांमध्ये चाळीस वेगळे थर! दुरुस्तीत हे ठीक आहे, उत्पादनात नाही.

खरंच जास्त तांबं हवं असेल तर ट्रॅकवर उघडी तांब्याची तार सोल्डर करा. एक चौरस मि.मी.ची तार म्हणजे ट्रॅकच्या हिशोबाने किती, ते पहिल्या मुद्द्यात पाहिलंच.

समज ४: "नव्वद अंशाचा कोपरा म्हणजे अडाणी डिझाइन"

कुणी म्हणतं करंट कोपऱ्यावर आपटतो. कुणी म्हणतं कोपऱ्यात ट्रॅक जळतो. आपल्या कंट्रोलर, टायमर, चार्जरमध्ये नव्वद अंशाच्या वळणाने मोजण्याइतकं काहीही बिघडत नाही.

मग हा समज आला कुठून? दोन ठिकाणांहून. एक, जुन्या पद्धतीत बोर्ड ॲसिडमध्ये कोरताना टोकदार, म्हणजे नव्वदपेक्षा कमी अंशाच्या खाचेत रसायन साचून तांबं जास्त खाल्लं जायची भीती असे. तिथे टोकदार कोन टाळणं आजही चांगलंच. दोन, काही गिगाहर्ट्झच्या पुढच्या, मायक्रोवेव्हच्या कामात कोपऱ्याचा आकार खरोखर मोजावा लागतो. आपला पंप पन्नास हर्ट्झवर चालतो!

असंच "सगळे ट्रॅक सारख्या लांबीचे हवेत" या वाक्याचं. एफआर-४ वर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण पंधरा सेंटिमीटर जातो. कॉम्प्युटरच्या मेमरीसारख्या वेगवान कामात एवढाही फरक चालत नाही, म्हणून तिथे ट्रॅक वळणं घेत मुद्दाम लांब केलेले दिसतात. आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिथे प्रत्येक डिशचा सिग्नल किती उशिरा पोचतो, हे मोजून दुरुस्त केल्याशिवाय कामच होत नाही. तिथे लांबी हाच विषय आहे. टाकी भरली की नाही हे सांगणाऱ्या सेन्सरला मात्र नॅनोसेकंदाचं काय सोयरसुतक?

कोपऱ्यापेक्षा 'गळा' शोधा. तीन मि.मी.चा छान ट्रॅक येतो आणि रिलेच्या पिनपाशी एक मि.मी. होतो. किंवा मोठा तांब्याचा पट्टा असतो, पण पिनला जोडणाऱ्या चार बारीक काड्याच असतात. त्या काड्या सोल्डरिंग सोपं व्हावं म्हणून सॉफ्टवेअर आपोआप देतं. सिग्नलच्या पिनला त्या ठीक आहेत. सहा अँपिअरच्या पिनला नकोत, तिथे तांबं सलग जोडायचं.

समज ५: "वर हिरवा थर आहे ना, मग शॉक कसा लागेल?"

इथे मात्र नीट लक्ष द्या. आतापर्यंतचे समज पैसे घालवत होते, हा जीव घालवू शकतो.

बोर्डावरचा हिरवा थर, म्हणजे सोल्डर मास्क, सोल्डर नको तिथे जाऊ नये म्हणून असतो. तो अतिशय पातळ असतो, त्यात बारीक छिद्रं असू शकतात, ओरखडे पडतात. २३० व्होल्टपासून माणसाला वाचवणारं इन्सुलेशन म्हणून तो धरायचा नसतो.

वाचवतं ते अंतर. हे अंतर दोन तऱ्हांनी मोजतात: हवेतून सरळ, आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरून सरपटत. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण पृष्ठभागावर धूळ, फ्लक्सचा चिकटपणा आणि ओल साचते. आपला मुळशी तालुका पावसाचा. जुलैमध्ये भिंतीला पाणी सुटतं, तिथे डब्यातला बोर्ड कोरडा राहील का? वर डब्यात पाल शिरते, मुंग्या घर करतात. दुरुस्तीला आलेल्या डब्यांत मी हे सगळं पाहिलं आहे.

आता आपल्या मालाचा विचार करा. कंट्रोलरच्या सेन्सरच्या वायरी थेट टाकीच्या पाण्यात असतात. त्या पाण्याने कुणीतरी आंघोळ करणार आहे. बोर्डावर २३० व्होल्टचा ट्रॅक आणि सेन्सरचा ट्रॅक शेजारी असतील, तर मध्ये फक्त तो हिरवा थर आणि तुमचं नशीब.

मी आता हे पाळते:

- २३० व्होल्टचा भाग आणि सेन्सरचा भाग यांत किमान ८ मि.मी. मोकळी जागा. मध्ये एकही ट्रॅक नाही, ग्राउंडचं तांबंही नाही.
- रिलेखाली कॉइलच्या आणि कॉन्टॅक्टच्या पिना जवळ येतात, तिथे बोर्डाला आरपार चीर. चिरेमुळे पृष्ठभागावरचं अंतर वाढतं.
- जोडणी झाल्यावर फ्लक्स धुऊन वर वार्निशचा संरक्षक थर.
- पाण्यात सेन्सर जाणार असेल तर ट्रान्सफॉर्मर नसलेला, कपॅसिटरवर चालणारा स्वस्त पॉवर सप्लाय अजिबात नाही. त्यात सेन्सरचा भाग मेनलाइनपासून वेगळा होतच नाही.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. नगामागे पन्नास-साठ रुपये वाचतात म्हणून लोक हे करतात. तुम्ही करू नका.

समज ६: "रिकाम्या जागेत सगळीकडे ग्राउंड भरलं की नॉइज गेला"

सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की रिकामी जागा तांब्याने भरते. बोर्ड कसा भारदस्त दिसतो! पण ते तांबं ट्रॅकमुळे तुकड्यातुकड्यांत कापलं गेलं असेल, तर उपयोग थोडाच.

करंट जातो तसा परतही येतो. परतीची वाट कुठून जाते, ते बघायला हवं. ३५ मायक्रॉन तांब्याच्या एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो, चौकोन केवढाही असो. एक मि.मी. रुंद, दहा सेंटिमीटर लांब ट्रॅक म्हणजे शंभर चौकोन, म्हणजे ५० मिलिओहम. त्यातून दोन अँपिअर गेले तर ०.१ व्होल्ट तिथेच पडतो. त्याच परतीच्या वाटेवर सेन्सरही बसवला असेल, तर त्याचं वाचन तेवढंच हलतं. टाकी अर्धी असताना कंट्रोलर म्हणतो "भरली".

म्हणून रिले, एलईडी पट्टी अशा जास्त करंटवाल्या भागाची परतीची वाट वेगळी नेऊन पॉवर सप्लायपाशी जोडा. सेन्सरची वेगळी. मायक्रोकंट्रोलरच्या पॉवरच्या पिनांना अगदी खेटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड. पंप बंद होताना कंट्रोलर रिसेट होण्याच्या बऱ्याच तक्रारी एवढ्याने थांबतात.

समज ७: "सॉफ्टवेअरने पास केलं, सॅम्पल चाललं, आता बॅच काढा"

सॉफ्टवेअर एवढंच तपासतं की तुम्ही दिलेले नियम पाळले आहेत का. तुम्ही रुंदीचा नियमच ०.२५ मि.मी. दिला असेल, तर सहा अँपिअरच्या ट्रॅकलाही ते "सगळं ठीक" म्हणेल. त्याला पंप माहीत नाही. तो तुम्हाला माहीत आहे. कायकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात ट्रॅकच्या रुंदीचा कॅल्क्युलेटरही आहे. सूत्र पाठ करायची गरज नाही, आकडे मात्र तुम्हालाच भरावे लागतात.

आणि सॅम्पल? माझं सॅम्पल मी कशावर तपासलं होतं माहितीय? शंभर वॅटच्या बल्बवर. म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी! मग घरच्या अर्ध्या एचपीच्या पंपावर दोन आठवडे. सॅम्पल चाललंच होतं. चुकीच्या परीक्षेत पहिला नंबर आला होता.

आता मी अशी चाचणी घेते. पंपाच्या जागी १५०० वॅटचा हीटर. तो साधारण साडेसहा अँपिअर घेतो. डबा बंद, पूर्ण एक तास चालू. मग तापमान. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर एक सूचना: चकचकीत सोल्डरवर तो चुकीचं, कमी तापमान दाखवतो. आधी त्या जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपचं तापमान घ्या. बोर्डावर २३० व्होल्ट आहेत हे विसरू नका. चाचणीला वायरमन किंवा जाणकार सोबत घ्या आणि एमसीबी बंद केल्याशिवाय हात लावू नका.

ऑर्डर देताना काय लिहायचं

बोर्डाची फाइल पाठवली म्हणजे ऑर्डर दिली असं नाही. मी आता कागदावर हे लिहून देते, तुम्हीही लिहा:

- साहित्य: एफआर-४, जाडी १.६ मि.मी.
- तयार बोर्डावर तांब्याची जाडी: किमान ३५ मायक्रॉन. 'तयार' हा शब्द महत्त्वाचा. दोन बाजूंच्या बोर्डात कारखाना बऱ्याचदा पातळ तांब्यापासून सुरुवात करून वर मुलामा चढवतो. एका बाजूच्या बोर्डात जे तांबं मुळात असतं, तेच शेवटी मिळतं.
- सगळ्यात कमी रुंदीचा ट्रॅक आणि सगळ्यात कमी अंतर किती.
- बोर्डातली चीर कुठे आणि केवढी.
- बदल करायचा असेल तर आधी फोन करून विचारा.

ही पाच वाक्यं लिहायला पाच मिनिटं लागतात. माझे १३,९५० गेले.

मग मी शेवटी किती जाड ट्रॅक ठेवला?

उत्तर ऐकून हसाल. ठेवलाच नाही!

दुसऱ्या बॅचमध्ये पंपाचा करंट बोर्डावरून नेणंच बंद केलं. तीस अँपिअरचा रिले घेतला, ज्याच्या डोक्यावर थेट लग बसतो. पंपाची वायर लगला, लगवरून रिलेत, रिलेतून पंपाला. बोर्डावरून फक्त रिलेची कॉइल चालते. एक एचपीच्या वरच्या मोटरला तर सरळ कॉन्टॅक्टर. रिलेचे पैसे जास्त गेले, पण बोर्ड लहान झाला आणि तिथे थोडे वाचले.

ज्यांना करंट बोर्डावरूनच न्यावा लागतो त्यांच्यासाठी माझा हिशोब असा: पाटीवरच्या करंटच्या दीडपट धरा, वाढ २० अंशांच्या आत ठेवा, आणि त्या हिशोबाने येते त्यापेक्षा थोडी जास्त रुंदी घ्या. सहा अँपिअरच्या पंपाला मी नऊ धरते, म्हणजे ३५ मायक्रॉनवर पाच मि.मी.चा ट्रॅक. जागा असेल तर सहा. हा माझा नियम आहे, माझ्या मालासाठी, माझ्या अटींवर. तुमचा माल वेगळा असेल तर आकडे पुन्हा काढा. नाहीतर उद्या कुणीतरी "लवळ्याच्या ताई म्हणाल्या पाच एमएम पुरे" असं सांगत फिरेल आणि आठवा समज तयार होईल!

ते सगळे एकतीस कंट्रोलर बदलून दिले, त्यातल्या एका पीजीवाल्या काकांनी नंतर आणखी सहा घेतले. म्हणाले, "चालू होता तोही तू बदललास, म्हणून घेतोय." तो नफा कुठल्या सूत्रात बसत नाही, पण वहीत मी लिहून ठेवलाय.

आता तुमचा गृहपाठ. घरात पडलेला कुठलाही जुना बोर्ड घ्या, मेनलाइनचा ट्रॅक शोधा, पट्टीने त्याची रुंदी मोजा. वरच्या यादीतून त्याचा करंट काढा आणि त्या वस्तूच्या पाटीवरच्या करंटशी ताडून बघा. गळा सापडतो का, चीर आहे का, तेही बघा. काय दिसलं ते फोटोसह कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातले दोन-तीन बोर्ड आपण मिळून तपासू.

भेटू या!